चुंबळीखालचा चट्टा

डॉक्टर मॅडमच्या टेबलावर मी पाच बाटल्या ओळीने मांडल्या. एक कांद्याची, एक माक्याची, एक कुठल्याशा परदेशी तेलाची, एक मोबाइलवरून मागवलेली, आणि एक अशी की जिचं लेबल पाण्याने केव्हाच निघून गेलं होतं. सोबत शाम्पूच्या पुड्यांची अर्धी माळ होतीच. बीडला येऊन तीन तास बाकावर बसल्यावर माणूस काही राखून ठेवत नाही. म्हटलं, दाखवायचं तर सगळंच दाखवू.

"मॅडम, यातली कोणती चांगली?" मी विचारलं.

त्यांनी बाटल्यांकडे पाहिलंच नाही. मला दिव्याखाली बसवलं, पदर मागे घ्यायला लावला आणि बॅटरीसारखं एक भिंग डोक्याला टेकवून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता कान दाखवा."

मला वाटलं, बाईंचं काहीतरी चुकतंय. दुखणं डोक्याचं आणि ह्या कान बघतायत. त्यांनी दोन्ही कानांच्या खोबणीत बोट फिरवलं, गालावरचा काळा डाग पाहिला आणि जाऊन खुर्चीत बसल्या.

"ताई, हा डिस्कॉइड ल्यूपस वाटतोय. कातडीचा एक तुकडा तपासून खात्री करू. पण एक गोष्ट आत्ताच सांगते. मधल्या जागेवर आता केस येणार नाहीत. कोणत्याच बाटलीने येणार नाहीत."

मालक, म्हणजे माझे यजमान, दाराशी उभे होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "म्हंजी, कवाच न्हाई?"

"कधीच नाही," मॅडम म्हणाल्या.

मी बाटल्या पुन्हा पिशवीत भरायला लागले. रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. बाहेर आल्यावर मी मालकांवरच काढला, की पिशवी नीट धरा, गळती आहे.

हे मी लिहिते आहे ते अशा बायांसाठी, ज्या आत्ता कुठेतरी दुकानात उभ्या राहून केस गळायचं थांबवणारी बाटली उलटीपालटी करून वाचतायत. पुरुषांनीही वाचलं तर हरकत नाही, टक्कल काही बाईमाणूस बघून पडत नाही. मला कुणी हे आधी सांगितलं नाही असं म्हणायची सोय नाही. सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, ते कसं ते पुढे येईलच.

मी शिरूर कासार तालुक्यातली. बारावी झालेली. गावात बारावी झालेल्या सुना पुष्कळ आहेत, पण आमच्या ऊसतोडीच्या टोळीत मी एकटी, आणि त्याचा मला माज होता. दसरा झाला की आम्ही कोल्हापूरकडे जायचो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असं आमच्यात मोजतात. दोघांनी मिळून ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची. मग बाईने डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवायची, चुंबळीवर मोळी घ्यायची आणि ट्रॉलीपर्यंत न्यायची. दिवसभर. असे नऊ हंगाम मी केले.

माझी मुलगी प्रतीक्षा चौदा वर्षांची, नववीत आहे. तिची शाळा बुडू नये म्हणून आम्ही गेलो की ती गावी आजीजवळ राहायची. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. तीस वर्षं ऊस तोडून गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी कोयता खाली ठेवला आणि नात सांभाळायला घेतली.

आमच्यात टाळूवरचे केस विरळ होणं हे कुणी दुखणं धरतच नाही. मोळीने केस जातात. उन्हाने माणूस काळवंडतं, तसंच हे. गालावर डाग पडला तर पाचटाने चिरलं असेल. कानाला खपली आली तरी पाचटच. उसाच्या पात्याला करवतीसारखी धार असते, त्यामुळे हे सगळं रोजचंच. आमच्या कामाने आमच्या प्रत्येक दुखण्याला आधीच एक कारण देऊन ठेवलेलं आहे, म्हणून दुसरं कारण शोधायला कुणी जात नाही. माझी पहिली चूक ही, आणि ती माझ्या एकटीची नाही.

आठव्या हंगामातला मार्गशीर्ष होता. एका दुपारी चुंबळ उतरवली तर फडक्याला केसांचा पुंजका चिकटून आला. बोटाने चाचपलं, तर टाळूवर रुपयाएवढी गुळगुळीत जागा लागली. ऊन लागलं की तिथे खाजायचं, चुरचुरायचं. शेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, मंदा राहायची, माझी मैत्रीण. तिने पाहिलं आणि हसली.

"मोळीचं हाय गं. माझं तर मूठमूठ जात व्हतं मागल्या साली. म्या तो शाम्पू लावला, आलं का न्हाई परत?"

ही गोष्ट खरी होती. मंदाला आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात मुलगा झाला होता. त्या हंगामात तिचे केस इतके गळले की ती वेणी घालायची सोडून अंबाडाच बांधायची. कारखान्याच्या आठवडी बाजारातून तिने एक शाम्पू आणला, आणि उन्हाळ्यापर्यंत तिच्या कपाळावर बारीक बारीक नवे केस उभे राहिले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. आता याच्यापेक्षा मोठा पुरावा कोणता पाहिजे?

मी तोच शाम्पू आणला. मागचं लेबल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मुळांपासून पोषण. केसगळती कमी. काही दिवसांत फरक. वाचता येतं म्हणून माझा लगेच विश्वास बसला. ज्या बाईला वाचता येत नाही तिला निदान शंका तरी येते.

कोप्यांवर पाणी ड्रमाने यायचं. त्यातल्या दोन बादल्या मी नुसत्या फेसाला घालवायची. बायका कुरकुर करायच्या, पण स्वतःच्या पुड्या माझ्याकडूनच वाचून घ्यायच्या, म्हणून तोंडावर कुणी बोलायचं नाही. पुडीवर लिहिलं होतं, दोन मिनिटं ठेवा आणि धुवा. मी विचार केला, दोन मिनिटांत एवढा गुण तर अर्ध्या दिवसात किती येईल! एक दिवस फेस तसाच डोक्यात ठेवून वरून चुंबळ बांधली आणि उसाच्या फडात गेले. घामाबरोबर शाम्पू डोळ्यांत उतरला. डोकं असं पेटलं की मोळी टाकून मी पाटाकडे पळाले. आणि तरीही मंदाला काय सांगितलं? झोंबतंय म्हणजे काम करतंय.

चैत्रात गावी आलो तेव्हा तो चट्टा पुरीएवढा झाला होता. आत्या माझ्या डोक्याला तेल लावायला बसल्या. हात मध्येच थांबला.

"संगे, हे मोळीचं न्हाई."

"मग कशाचं हाय?"

"ते मला काय ठाव? पण मोळीनं केस तुटत्यात. तिथं खुटं ऱ्हात्यात. हात लाव माझ्या डोक्याला, बघ. हितं बारीक खुटं हायती. तुझ्यात काय बी न्हाई. कातडं कसं चकाकतंय. डाक्टरला दाव."

मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिते. मी म्हणाले, "आत्या, तुमाला काय कळतं त्यातलं? बाटलीवर समदं लिवलंय."

आत्यांनी तेलाचा हात पदराला पुसला आणि उठल्या. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

तो उन्हाळा आणि पावसाळा मी बाटल्या बदलण्यात घालवला. कांद्याची बाटली शिरूरच्या एका दुकानातून घेतली. गुण येतो का विचारलं तर दुकानदार म्हणाला, "लई खपती." खपायची हे खरंच होतं. मोबाइलवरच्या जाहिरातीत एका बाईच्या पाठमोऱ्या डोक्याचे दोन फोटो होते, आधीचा आणि नंतरचा. ती बाटली घरपोच आली तेव्हा मी ती देव्हाऱ्याजवळ ठेवली. हसू नका. केस जायला लागले की माणूस कुठेही हात जोडतं.

पावसाळ्यात खाज कमी झाली. चट्ट्याची कड निवली. मी त्याचं सगळं श्रेय कांद्याला दिलं. पावसाळ्यात मी उन्हात नव्हते, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

पुढच्या हंगामाला मी सहा बाटल्या घेऊन गेले. महिन्याभरात सगळं उसळून आलं. एकाचे तीन चट्टे झाले. गालावरचा डाग वाढला, कानांच्या खोबणीत खपल्या धरल्या. टोळीतल्या एका बाईने निदान केलं की पिशवी काढल्यावर असं होतंच. माझी गर्भाची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षी काढली आहे. टोळीत माझ्या वयाच्या कितीतरी जणींची काढली आहे. त्यामुळे हेही कारण सगळ्यांना पटलं.

मालक एकदा म्हणाले होते, "खाडा पाडू एक दिस. दवाखान्यात जाऊन येऊ." एकाचा खाडा म्हणजे जोडीचाच खाडा, मोळ्या कोण वाहणार? मी म्हणाले, "केसांसाठी खाडा पाडायचा? लोक हसतील." खरं सांगायचं तर मला दवाखान्यात पदर काढायची लाज वाटत होती. पोट दुखलं असतं तर गेले असते. केस म्हणजे हौस, आणि हौसेसाठी दवाखान्यात जाणं आमच्यात शोभत नाही. तरी त्याच हौसेसाठी सहा बाटल्या ओझ्यात घालून नेल्या होत्या.

गावी परत आल्यावर प्रतीक्षा माझं डोकं धुवायला बसली.  ओल्या हातानेच मोबाइल आणला, माझ्या टाळूचा फोटो काढला आणि समोर धरला. मी दीड वर्ष त्या जागेला बोटांनी ओळखत होते. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिली. मध्ये पांढरट, मेणासारखी कातडी, तिला काळी कड, आणि एका बाजूला जेमतेम केसांची एक पट्टी शिल्लक. माझ्या मागे कुणी दुसरीच बाई बसली आहे का, असं वाटलं.

"हा फोटो आधी पूस," मी म्हणाले. तिने पुसलं. दुसऱ्या दिवशी मी आपणहून मालकांना म्हणाले, बीडला जाऊ.

तर तिथे पाच बाटल्या मांडून झाल्या आणि त्यानंतर तपासण्या सुरू झाल्या. पहिली बायॉप्सी. म्हणजे चट्ट्याच्या कडेची जागा सुई देऊन बधिर करतात आणि पेनाच्या टोपणासारख्या धारदार नळीने कातडीचा मसुराएवढा तुकडा काढतात. एक टाका पडतो. दुखतं ते सुई देताना, नंतर नाही. मी मात्र नंतरच रडले, बाहेरच्या बाकावर, आणि शेजारच्या आजोबांनी मला त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली. त्यांना वाटलं मी उपाशी आहे.

मग एएनए नावाची रक्ताची तपासणी. आपलं रक्त आपल्याच शरीराविरुद्ध काही तयार करतंय का, ते त्यात बघतात. शिवाय लघवीची तपासणी, किडनीसाठी. आठवडाभराने रिपोर्ट येणार होते. त्या आठवड्यात मी एकदाही डोकं धुतलं नाही. बाटल्यांची पिशवी खुंटीला तशीच लटकत होती.

रिपोर्टमध्ये ल्यूपस निघाला. मॅडमनी समजावून सांगितलं. शरीराचं रक्षण करणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांना ओळख राहत नाही, आणि त्या आपल्याच कातडीवर चालून जातात. घरचा कुत्रा घरच्यांनाच चावायला लागावा, तसं मी ते समजून घेतलं. माझा आजार सध्या कातडीपुरता होता, किडनी चांगली होती. पण जिथे केसांची मुळं होती तिथे आता व्रण होता. याला स्कारिंग अ‍ॅलोपेशिया म्हणतात. भाजलेल्या जागी जसे केस येत नाहीत तसेच इथेही येत नाहीत.

"मॅडम, दीड वर्षापूर्वी आले असते तर?"

त्यांनी रिपोर्टच्या कागदाची घडी घातली. "बरेच वाचले असते," म्हणाल्या.

मग मी बाटल्यांचं विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला उठवत नव्हतं. मंदाचे केस कसे आले? त्यांनी सांगितलं, बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी पुष्कळ बायकांचे केस भराभर गळतात. मोठा ताप, ऑपरेशन, रक्त कमी होणं, यांनंतरही गळतात. त्याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मूळ शाबूत असतं, फक्त झोपलेलं असतं, आणि काही महिन्यांनी आपोआप जागं होतं.

"तुमच्या मैत्रिणीने नुसत्या पाण्याने डोकं धुतलं असतं तरी तिचे केस आले असते. त्याच वेळी हातात बाटली होती, म्हणून नाव बाटलीचं झालं."

"मग शाम्पूचा उपयोगच न्हाई का कशाला?"

"आहे की. डोकं स्वच्छ करायला. कोंडा फार असेल तर औषधी शाम्पू असतात, ते आम्हीही लिहून देतो. पण केसाचं मूळ कातडीच्या आत असतं. शाम्पू वरून दोन मिनिटं लागतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. त्याने गेलेला केस उगवत नाही. आणि तुमच्यासारख्या आजारात तर तो नुसता वेळ खातो."

वेळ खातो. कांदा, माका, परदेशी तेल, सगळ्यांनी मिळून माझं दीड वर्ष खाल्लं, आणि मी त्यांना बादल्या भरभरून पाणी दिलं.

औषधं सुरू झाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची गोळी, जी शरीराच्या बिथरलेल्या पेशींना शांत करते. ती बरेच महिने घ्यायची असते, आणि तिच्यामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होत नाही ना हे बघायला डोळे तपासून घ्यावे लागतात. तपासताना डोळ्यांत थेंब घातले आणि दिवसभर सगळं धुरकट दिसत राहिलं. मालकांचा हात धरून मी बसमध्ये चढले. शिवाय चट्ट्याच्या कडेला स्टिरॉइडची इंजेक्शनं, महिन्याला एकदा. ती दुखतात. टाळूला कातडीखाली मांसच नसतं, सुई सरळ हाडाशी बोलते.

आणि शेवटी मॅडमनी चिठ्ठीच्या तळाला लिहिलं, ऊन पूर्ण टाळणे. छत्री, टोपी, लांब बाह्या, उन्हाचं क्रीम.

मालक हसले. वाईट अर्थाने नाही. "मॅडम, आमी ऊस तोडतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग अवघड आहे. हा आजार उन्हाने भडकतो. औषध एकीकडून विझवणार आणि ऊन दुसरीकडून पेटवणार. राहिलेले केस जातील. आणि थोड्या लोकांमध्ये हा आजार आत उतरतो, सांध्यांत, किडनीत. तुमच्यात उतरेलच असं नाही. पण मी तुमची बहीण असते तर तुम्हाला फडात जाऊ दिलं नसतं."

 येताना बसमध्ये दोघांच्या मनात एकच होतं, की दसरा पाच महिन्यांवर आहे.

त्या पाच महिन्यांत औषधाने काम केलं. खाज गेली. कड निवली. नवा चट्टा आला नाही. बाजूची केसांची पट्टी टिकली. मी क्रीम लावून छत्री घेऊन निघाले की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आली बघा हिरोईन." मीही म्हणायची, "सही पाहिजे का?" असं हसण्यावारी नेलं की दिवस पुढे जातो. पण घरी येऊन आरशासमोर पदर काढला की तीच मेणासारखी जागा असायची. एक केस नाही. मॅडमनी सांगितलेलं सगळं पटलेलं असूनही मी रोज बघायची. बोट फिरवायची. खुंट लागतो का.

नवरात्रात मुकादम आमच्या ओट्यावर येऊन बसला. माणूस वाईट नाही. टोळी भरायची हे त्याचं काम.

"वैनी, तयारी झाली न्हवं?"

"तिला उनाची बंदी हाय," मालक म्हणाले.

"मग कोयता कसा लावू तुमचा? एकट्याला कोण घेतंय?" त्याने चहा संपवला. दाराआड प्रतीक्षा अभ्यास करत बसली होती, तिच्याकडे त्याची नजर गेली. "पोरगी हाय की. चौदाची म्हंजी काय ल्हान हाय व्हय? आमच्या टोळीत तेराच्या बी हायती. मोळी उचलती आरामात."

मी मालकांकडे पाहिलं. ते नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसले. आजारपणाच्या दोन वर्षांत मला बायॉप्सीची भीती वाटली, रिपोर्टची वाटली, किडनीची वाटली, पण त्या गप्प बसण्याची जेवढी वाटली तेवढी कशाचीच नाही.

"म्या येते," मी म्हणाले. "टोपी घालीन. क्रीम लावीन. माझंच नाव लिवा."

आत पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज थांबला होता.

आत्या कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्या येते."

मुकादमाला वाटलं चेष्टा आहे. "आत्याबाई, गुडघं हायती का तुमचं?"

"हायती. दुखत्यात, पण हायती."

"आवं, साठी गेली तुमची."

"मग काय झालं? ऊस काय माझा जलमदाखला बघतो का? लिव माझं नाव." मग त्या मालकांकडे वळल्या. "तू बसला मुंडी खाली घालून. पोरीचं नाव काढलं त्यानं, तुला तोंड न्हाई का? माझी नात फडात जायची न्हाई आन् माझी सून उनात जायची न्हाई. कोयता तुझा आन् माझा. इषय संपला."

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकादमाने वहीत नाव लिहिलं.

त्या संध्याकाळी मी आत्यांचे पाय चेपायला बसले. गुडघे सुजलेलेच होते. मी म्हणाले, "आत्या, तुमी तेल लावताना मला सांगितलं व्हतं. म्या तुमाला लई वंगाळ बोलले. तसं बोलाया नको व्हतं."

"कवा?" त्या म्हणाल्या.

खरंच विसरल्या होत्या की मला सोडवत होत्या, ते मला आजही माहीत नाही. मी पुन्हा आठवण करून दिली तर म्हणाल्या, "जोरात चेप, नुसता हात काय फिरवती."

दसऱ्यानंतर ट्रॅक्टर आला. भांडी, अंथरुणं, शेळी, पत्र्याची पेटी, सगळं चढलं. आत्यांना वर घ्यायला दोन माणसं लागली. मी पहाटेच्या अंधारात उभी होते, ऊन नव्हतं म्हणून. त्यांनी वरून प्रतीक्षाला सांगितलं, "आईला उनात जाऊ देऊ नगं, शाळेतून आल्यावर बघत जा." लेकीला आईवर राखण ठेवून त्या गेल्या.

ज्या बाया हे वाचतायत त्यांना एवढंच सांगते. केस सगळीकडून सारखे गळत असतील, बाळंतपण झालं असेल, ताप येऊन गेला असेल, तर बहुतेक वेळा ते परत येतात, त्यासाठी बाटलीच्या मागे लागू नका. पण एकाच जागी चट्टा पडला असेल, तिथलं कातडं गुळगुळीत लागत असेल, खाजत असेल, जळत असेल, तर एक महिनाही थांबू नका. कातडीच्या डॉक्टरला दाखवा. मोळीचं आहे, पाचटाचं आहे, पिशवीचं आहे, असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या. केस म्हणजे हौस नाही. खाडा पडला तर पडू दे. आणि घरातलं कुणी न शिकलेलं माणूस डोक्याला हात लावून काही सांगत असेल तर त्याचा हात झिडकारू नका.

माझे केस येणार नाहीत. हे मी आता म्हणू शकते. मध्ये वाटायचं की असं मोठ्याने म्हटलं की येण्याची शक्यताही जाईल, म्हणून म्हणत नव्हते. मॅडमकडे दर दोन महिन्यांनी जाते. लघवीचा रिपोर्ट चांगला येतो. घरात बसून साड्यांना फॉल लावते, पिको करते. दुपारी खिडकी बंद ठेवते. प्रतीक्षा रोज शाळेत जाते, आणि आल्या आल्या माझ्या चपलांना ताजी धूळ लागली आहे का बघते. म्हातारीने बरोबर माणूस नेमलं आहे.

मंदाच्या मोबाइलवरून आत्या आठवड्याला एकदा बोलतात. गोळी घेतली का, एवढंच विचारतात. त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं की मंदाकडे फोन देतात. परवा मंदानेच हळूच सांगितलं, की आत्या मोळी घेऊन दोनदा पडल्या, पण घरी सांगायचं नाही अशी शपथ घातली आहे. मी मालकांना फोन करून रडले, म्हणाले मी येते, त्यांना परत पाठवा. मालक म्हणाले, ती ऐकत नाही.

आज पौषातलं ऊन असूनही बाहेर बघवत नाही. साडेबारा वाजलेत. मी सावलीत बसून हे लिहिते आहे, आणि आत्या फडात आहेत.